ओढ्याच्या अलीकडे

जोडीनं गोल्फ खेळणं म्हणजे त्याच माणसाशी दुसऱ्यांदा लग्न करणं. चेंडू एकच. एक फटका मी मारायचा, पुढचा नवऱ्यानं. त्यानं काटेरी झुडपात घातला की बाहेर मी काढायचा, आणि वर तोंड वाकडं करायचं नाही. छत्तीस वर्षं आम्ही दोघं गावच्या क्लबातर्फे हेच करतोय.

माझा नवरा ह्यूई आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर कप्तान. हा सांगायचा, माणसं ऐकायची. मैदानावरही तेच. "सरळ मार, मोरॅग!" "जोरात मार, मोरॅग!" बायको काय आणि खलाशी काय, सगळे सारखेच. पण हिवाळ्याआधी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि हातातला जोर गेला. पीळ मात्र होता तसाच राहिला.

शेजारच्या गावाशी सामना होता त्या सकाळी लापशीचा वाडगा पुढे सारत तो म्हणाला, "आज शेवटच्या होलवरचा ओढा एका फटक्यात ओलांडता नाही आला, तर गोल्फच्या काठ्या जावयाला देऊन टाकतो. खेळ बंद."

"बरं होईल, कपाट तरी रिकामं होईल," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण ऑपरेशनपासून हा माणूस दिवसदिवस खिडकीशी बसून असतो, धड बोलत नाही की हसत नाही. खेळही सुटला तर तो त्या खुर्चीतच संपेल, अशी मला भीती वाटत होती.

समोर डगल आणि त्याची बायको शीना. माणसं गोड, पण डगलला हातभर अंतरावरून चेंडू भोकात घालता येईना. त्याच्या कृपेनं सतरा होल झाले तेव्हा आम्ही एका होलनं पुढे होतो. शेवटचा अठरावा नुसता बरोबरीत सुटला तरी सामना आमचा.

अठराव्याची सुरुवात माझी होती. ओढा वाहतो तो भोकाभोवतीच्या हिरवळीच्या अगदी तोंडाशी. मी नेहमीसारखा लांब मारला असता, तर ह्यूईनं पुढच्या फटक्यात ओढा ओलांडायचा हट्ट धरलाच असता. मग चेंडू पाण्यात आणि काठ्या जावयाकडे. म्हणून मी लांब काठी गुपचूप परत ठेवली, आखूड काढली आणि चेंडू इतका मागे टाकला, की तिथून ओढा ओलांडायचं कुणाच्या मनातही येऊ नये.

ह्यूई चेंडूपर्यंत चालत आला आणि म्हणाला, "मुद्दाम केलंस."

"हो, केलं. तू ओढ्याच्या अलीकडे टाक, मी पलीकडे मारते. याला डोक्यानं खेळणं म्हणतात."

"म्हणत असतील. पण मला विचारलं का नाहीस?"

"तू कधी मला विचारलंस?" उचलली जीभ लावली टाळ्याला!

तो ओढ्याकडे वळला. मला वाटलं, आता चिडून घरी निघून जातोय. पण त्यानं मधली काठी काढली आणि अलगद मारला. चेंडू ओढ्याच्या बराच अलीकडे, सपाट जागी जाऊन थांबला.

"एवढा मागे? अजून पुढे गेला असता की."

"पुढून तुला अर्धा फटका मारावा लागतो, आणि अर्धा फटका तू घाबरत मारतेस. इथून पुरा मारता येईल. तो तुझा चांगला असतो."

मला आपलं वाटायचं, की या माणसाला इतक्या वर्षांत माझे फक्त चुकलेले फटके दिसले.

डोळे भरून आलेल्या बाईनं गोल्फ खेळू नये. मी मारलेला चेंडू सरळ ओढ्यात गेला, डुबुक!

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मला मान वर करवेना. तेवढ्यात ह्यूईचं हसणं ऐकू आलं. काठीवर रेलून, छाती धरून तो खो खो हसत होता.

"अगं, पाण्यात मी घालणार होतो ना?"

"हसू नकोस मेल्या, टाके उसवतील!"

"उसवू देत! जावयाला सांग, दुसऱ्या काठ्या बघ म्हणावं."

होल गेला, सामना बरोबरीत आला. निकालासाठी पुन्हा पहिल्या होलवरून सुरुवात करायची होती. "दमला असाल तर घटकाभर बसू या," डगल म्हणाला.

"दमलंय कोण?" म्हणत ह्यूई पुढे झाला. सुरुवात त्याची होती. त्याचा हात लांब काठीकडे गेला आणि तिथेच थांबला. तो माझ्याकडे वळला.

"मोरॅग, पुढचा फटका तुझा. चेंडू कुठे ठेवू?"

हे मला आजवर कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मैदान नीट बघायला लागले. डगल आणि शीना ताटकळले होते, पण मी काही घाई केली नाही.