लाल पेनाचं वर्तुळ

आमच्या घरातून इंग्रजी कागद बाहेर जायचा असला की तो आधी माझ्याकडे येतो. परदेशीपुऱ्यातल्या शाळेत मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्याचा हा उरलेला मान. त्या दिवशी सूनबाईनं, अस्मितानं, एक फॉर्म आणून दिला. माझी बायको यमुना गेली तीन वर्षं सगळं विसरत चालली आहे. सोमवारपासून ती दिवसभर वृद्धांच्या एका केंद्रात जाणार होती, आणि तिथल्या बायका तिला आधी ओळखणार त्या या फॉर्मवरून.

‘स्वभाव’ या रकान्यात अस्मितानं एकच शब्द लिहिला होता: ‘चाइल्डिश’.

माझा हात लाल पेनाकडे गेला. मी त्या शब्दाभोवती वर्तुळ काढलं आणि वर लिहिलं, ‘चाइल्डलाइक’. नववीच्या वर्गाला मी दरवर्षी सांगायचो, दोन्हींत मूल आहे, पण पहिला शब्द बालिश म्हणून नावं ठेवतो आणि दुसरा निरागस म्हणून कौतुक करतो. अनोळखी माणसांनी यमुनेला पहिल्या शब्दानं ओळखावं, हे मला सोसेना.

अस्मितानं वर्तुळ पाहिलं. मला वाटलं होतं, हसेल. तिनं कागद माझ्यापुढे ठेवला.

“बाबा, परसों आईंनी गरम वरणाची वाटी माझ्यावर फेकली,” ती म्हणाली. “त्याला कोणता शब्द? तुम्ही तर आत वाचत बसला होतात.”

खरं होतं. वाटी पडल्याचा आवाज मी ऐकला होता आणि पान उलटलं होतं. तिच्या मनगटावर तांबडा डाग होता, तो मला आत्ता दिसला. यमुनेची आंघोळ, वेणी, गोळ्या, सगळं हीच करते. आणि मी हिला, नापास मुलीला द्यावा तसा, कागद परत दिला होता.

मला माफी नीट मागता येत नाही. मी एवढंच म्हणालो की दोन्ही शब्द खोडू, नुसतं काय घडतं ते लिहू. तू सांग, मी लिहितो. ती समोर बसली.

गरम वाटी हातात देऊ नये. चार वाजता मुलं शाळेतून येतील म्हणून यमुना दाराशी जाऊन उभी राहते. अडवू नये, सोबत उभं राहावं. आपल्या ताटातली जिलबी मोडून शेजारच्याला देते. घ्यावी, नाही घेतली तर रडते. हे जिलबीचं मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून मी काय पाहत होतो, कोण जाणे. रकाना संपला, तेव्हा आम्ही कागदाची मागची बाजू घेतली.

यमुना येऊन माझ्या शेजारी बसली. काय लिहिताय, तिनं विचारलं. तुझ्याबद्दल, मी म्हणालो.

तिनं अस्मिताकडे बोट केलं. नाव तिला आठवलं नाही.

“मग हिचं पण लिहा ना,” ती म्हणाली. “ही वेणी घालते तर दुखत नाही.”

अस्मिता खिडकीबाहेर पाहू लागली. मी ते वाक्य इंग्रजीत लिहिलं. मग बरोबर आहे का ते तपासायला कागद अस्मितापुढे सरकवला, लाल पेनासकट.