पुढची दोरी

मागच्या खोलीचं दार ढकललं तेव्हा नेस्टाच्या हातात नवी चादर होती, आणि ती हातातच राहिली. काल दिवसभर राबून तिने ही खोली घासून काढली होती, पलंग उन्हात टाकला होता, खिडकीला फुलांचा पडदा लावला होता. आता त्या पलंगावर कोणीतरी घोरत पडलं होतं. एवढा उंच माणूस पलंगात मावत नव्हता, म्हणून त्याने पाय खिडकीच्या चौकटीवर टाकले होते, पडद्यासकट.

"ए! कोण रे तू?"

"गॅबी, काकी." त्याने डोळे उघडायची तसदी घेतली नाही. "दुसरा गोलकीपर. पहिल्याचं मनगट मुरगळलं ना, म्हणून गावाहून बोलावलं. काका म्हणाले, मागची खोली रिकामीच आहे."

चादर काखेत मारून ती तरातरा पुढच्या पडवीत आली. तिचा नवरा सिलास पायरीवर बसून चेंडूत हवा भरत होता. त्याच्या एका गालात सुपारी होती, आणि डोक्यावर फ्रिगेट फुटबॉल संघाचा व्यवस्थापक झाल्यापासून न उतरलेली टोपी.

"त्या खोलीत माझी आई येणार आहे."

"येऊ दे की. मी कुठे नाही म्हणतोय?"

"आणि तो ताडमाड पडलाय तिथे, तो?"

"आजचा सामना तर होऊ दे."

"पावसाने मैदान बुडालं तेव्हा हेच म्हणालास. पाहुण्यांसाठी मैदान बंद ठेवलं तेव्हाही हेच. ऑगस्टात संपणार होता तुमचा मोसम, सिलास. आता नाताळची गाणी सुरू झाली चर्चमध्ये!"

"संपलाच की आज. नुसती बरोबरी झाली तरी आपण देशाचे विजेते." त्याने चेंडू दाबून पाहिला. "मग काय, ओशनियाची स्पर्धा. दोनच महिने. तोवर पोरं एकत्र राहिलेली बरी."

"दोन महिने? कुठे?"

सिलासने चेंडूकडे असं पाहिलं, जणू उत्तर त्यात भरलेलं आहे.

"आई समजून घेईल," तो म्हणाला. "घरचीच आहे ती."

घरच्या माणसाचं हेच तर असतं, नेस्टाच्या मनात आलं. परक्याला गादी आणि घरच्याला समजूत.

होनियारात, सॉलोमन बेटांच्या या राजधानीत, ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याच्याकडे गावचं कोणी ना कोणी उतरणारच. वान्टोक म्हणजे आपल्या बोलीचा माणूस. त्याला दार बंद करणारा अजून जन्मला नाही. नेस्टानेही कधी केलं नव्हतं. पण एखाद्याला एखादा वान्टोक असतो, हिच्या नशिबी निम्मा संघ होता. सगळे मलैता बेटाचे, सिलासच्या गावाकडचे, आणि लीग सुरू झाल्यापासून तिच्या घरात. बैठकीत मिडफिल्ड झोपायचं, पडवीत बचावफळी. सकाळी संडासापुढे रांग लागायची. भाताचं पातेलं चुलीवरून उतरायच्या आत रिकामं. टिनातली मासळी, नूडल्स, रताळी, जे आणावं ते फस्त. जिंकले तर गाणी म्हणून झोपू देत नसत, आणि हरले तर एकमेकांना दोष देऊन. पोरं वाईट नव्हती. लाकडं फोडत, पाणी भरत, "काकी, काकी" करत मागे असत. पण नऊ जणांच्या काकीला दिवसातून एकदा तरी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंच.

तिची आई गावी एकटी होती. भाऊ ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेला होता, वहिनी माहेरी. परवा फोनवर आई नेहमीसारखी म्हणाली, "मला काय धाड भरलीय? आधी पोरांना जिंकू दे, मी रेडिओ ऐकतेय." आणि काल शेजारच्या चुलतबहिणीने सांगितलं, की म्हातारी ओढ्यावर घसरून पडली, पाण्याची घागर फुटली, आणि कोणी पाहायच्या आत स्वतःच रांगत घरी आली. नेस्टाने ते काल रात्री जेवताना सिलासला सांगितलं होतं. तो "हं" म्हणाला होता. मग कोणीतरी कॉर्नर कसा घ्यायचा याचा वाद काढला आणि ताटावरची वाटी म्हणजे गोलपोस्ट झाली.

आजच्या सामन्याच्या पिवळ्या जर्सी भिजत पडल्या होत्या. तिने त्या खंगाळल्या, पिळल्या, बादली उचलून घराखाली आली. घर खांबांवर उभं, त्याच्यापुढे अंगणात एक दोरी आणि मागे चुलीच्या खोपटाजवळ दुसरी. पुढची पुरुषांची, मागची बायकांची. मलैताच्या घरात हे कोणी शिकवत नाही, श्वासासारखं येतं. बाईचा स्कर्ट पुरुषाच्या कपड्याला लागायचा नाही, त्याच्या डोक्यावर लोंबायचा नाही. लागला तर माणूस जड होतो, हातचं काम फसतं. शहरातली पोरं हसतात, इंग्रजीत शिकतात, मोबाईल खेळतात, पण बायकांच्या दोरीखालून एकही जात नाही, लांबून वळसा घालतात. खुद्द सिलास! धाकट्याच्या बाळंतपणासाठी नेस्टा इस्पितळात होती, तेव्हा तिचे कपडे तीन दिवस मागच्या दोरीवर पावसात भिजले. या गड्याने हात लावला नाही. शेवटी त्याची बहीण हिल्डा येऊन काढून गेली.

जर्सी दोरीवर टाकता टाकता वरून घोरणं ऐकू आलं. तिच्या आईच्या पलंगावरून.

नेस्टाचं डोकं फिरलं. ती मागे गेली, स्वतःचा निळा स्कर्ट ओढून काढला, पुढे आली, आणि दहा नंबर आणि सात नंबरच्या मधोमध दोरीवर फेकला. दोन्ही बाजूंना पिवळ्या बाह्या त्याला चिकटल्या.

"हरा एकदाचे," ती पुटपुटली. "हरा आणि आपापल्या घरी जा."

आजूबाजूला कोणी नव्हतं. पोरं धावायला गेली होती, सिलासही त्यांच्याबरोबर. बाजारातून टारोचे कंद आणून होईपर्यंत राहू दे, मग काढते, असं स्वतःला बजावून ती पिशवी घेऊन निघाली.

बाजारात पोचेपर्यंत राग अर्धा उतरला आणि टारोचे गड्डे निवडताना उरलेला. कोणी पाहिलं तर? पोरांचे मामे-काके संध्याकाळी घराखाली येऊन बसतील, भरपाई मागतील, ते एक वेळ परवडलं. पण सिलास? बायकोने संघ नासवला, ही गोष्ट त्याच्या मागे कबरीपर्यंत जाईल. ती धावत जाऊन बसमध्ये चढली. पण सामन्याचा दिवस. पुलावर झेंडे लावलेले ट्रक, शिट्ट्या, ढोल, आणि या शहरात रस्ता म्हणजे एकच. बस पुलाच्या तोंडाशी रुतली ती रुतलीच. नेस्टा उतरून चालायला लागली, तोच एका ट्रकमधून हिल्डाने तिला हाताला धरून वर ओढली.

"वहिनी! उलट्या दिशेने कुठे निघालीस?"

"घरी. काम आहे."

"आज कसलं काम? शेवटच्या सामन्यापेक्षा मोठं?"

हिल्डापुढे नाही म्हणणं आणि ट्रकपुढे आडवं पडणं सारखंच. टारोच्या पिशवीसकट नेस्टा मैदानासमोरच्या टेकडीवर येऊन पडली. टेकडी माणसांनी पिवळी झाली होती. एक झाड बघून दोघी सावलीला बसल्या. नेस्टाचा जीव टांगणीला लागला होता. आत्ता पोरं येतील, पिवळ्या जर्सीत, आणि त्यांना ठाऊकही नसेल.

फ्रिगेट मैदानात आले. निळे.

टेकडीवर कुजबूज सुरू झाली. या मागच्या वर्षीच्या जर्सी होत्या. रंग विटलेला, नंबर सोललेले. फोलिया, त्यांचा गोल मारणारा पोरगा, वर्षात एवढा वाढला होता की जर्सी बेंबीच्या वरच थांबली होती.

"हे काय सोंग?" हिल्डा ओरडली. "नव्या कुठे गेल्या? वहिनी, तू धुतल्यास ना?"

"वाळल्या नाहीत."

"या उन्हात?"

नेस्टाने टारोच्या पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. कोणीतरी पाहिलं होतं. कोणी? तिने रेषेजवळ सिलासला शोधलं. दर सामन्याआधी तो टेकडीकडे बघून टोपी उंचावायचा, ती दिसो न दिसो. आज त्याने टोपीला हात लावला नाही. गवताकडे बघत उभा राहिला.

मध्यंतराच्या आधी समोरच्या हार्बर संघाने गोल केला. सकाळी ज्या देवाकडे तिने हार मागितली होती त्याच्याकडेच आता ती बरोबरीसाठी हात पसरून बसली. हरले तर ते तिच्यामुळे हरले, जर्सी बदलल्या तरी. आणि जिंकले तर दोन महिने नऊ पोरं, एक पलंग आणि ओढ्यावर एकटी आई. असलं गाऱ्हाणं नोंदवायला देवाच्या कचेरीतही खिडकी नसेल. तिला स्वतःचाच वैताग आला.

तिच्या आईच्या पलंगावर लोळलेला तो गॅबी मात्र आज लांबलचक हातांनी कसले कसले चेंडू अडवत होता. शेवटी शेवटी फोलियाने उडी मारली, जर्सी आणखी वर गेली, उघड्या पोटाने तो जमिनीवर आदळला, आणि चेंडू जाळ्यात होता. एक-एक.

शिट्टी वाजली तेव्हा सगळी टेकडी घसरत खाली धावली. हिल्डा रडत होती, नाचत होती, अनोळखी माणसांना मिठ्या मारत होती.

"जिंकलो, वहिनी! जिंकलो!"

"जिंकले मेले," नेस्टा म्हणाली आणि पदर नव्हता म्हणून पिशवीनेच डोळे पुसले. कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घरी ती एकटीच चालत आली. मिरवणूक बंदराकडे वळली होती. अंगणात येताच तिने दोरीकडे पाहिलं. दोरी मोकळी होती. एक चिमटा तेवढा उरला होता.

खांबापाशी मोठी बादली होती आणि बादलीवर फेसाचा डोंगर. फेस कडेने ओघळून मातीत पसरला होता, त्यातून एक पिवळी बाही बाहेर आली होती.

ती वर गेली. बैठकीतल्या चटया गायब. पडवी झाडलेली, वाकडीतिकडी, पण झाडलेली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. पडदा नीट ओढलेला, पलंगावर तिची नवी चादर. आणि चादरीवर मधोमध निळा स्कर्ट, घडी घालून ठेवलेला. तिने जवळ जाऊन पाहिलं. स्कर्टची घडी अशी घालत नाहीत. दोन्ही कडा आत, खालचा भाग वर, छाती सपाट. नंबर वर यावा म्हणून जर्सी घालतात तशी ती घडी होती. दुसरी घडी सिलासला येतच नव्हती.

ती पलंगाच्या कडेवर बसली.

खाली पावलं वाजली. सिलास होता. वर आला नाही, पायरीशी उभा राहून सुपारीसाठी बाटलीतला चुना काडीने काढत राहिला. नेस्टा खाली उतरली.

"पोरं?"

"चर्चच्या हॉलात. पास्टरशी बोललो. सामान दुपारीच हलवलं."

"दुपारी? सामन्याच्या आधी?"

त्याने काडी चाटली. "गुरुवारी बोट आहे. मी जातो आईला आणायला. पाय दुखावलाय, एकटीला चढता यायचं नाही."

ओढ्याची गोष्ट त्याने काल ऐकली होती तर. वाटीचा गोलपोस्ट करता करता ऐकली होती. नेस्टाला खूप काही बोलायचं होतं. सकाळचं, मोसमभराचं, आणि इस्पितळातून घरी आल्यापासूनचं. ती बादलीपाशी बसली आणि फेसात हात घातला. कोपरापर्यंत फेसच फेस, पाणी लागेना.

"अख्खा पुडा ओतलास?"

"किती घालतात, मला काय ठाऊक?"

"टाकीतलं सगळं पाणी जाईल आता हे काढायला. एवढा साबण कोण घालतं, सिलास? एका लग्नाचे कपडे निघतात यात!" तिचा आवाज चिरकला, म्हणून ती आणखी चढ्या आवाजात म्हणाली, "बघत काय राहिलास? धर दुसरं टोक. पीळ."

सिलासने रस्त्याकडे पाहिलं, इकडे आणि तिकडे. मग टोपी काढून पायरीवर ठेवली आणि टोक धरलं. दोघांनी दहा नंबर पिळला. तो ओली जर्सी हातात घेऊन दोरीपाशी गेला आणि तिथेच थांबला.

"कुठल्या दोरीवर?"

"पुढच्याच," नेस्टा म्हणाली. "आणि उलटी टाक. रंग उडतो उन्हाने, एवढंही कळत नाही."