विसळणीचं तेल

फुलीबाईनं आयुष्यात तेलाचा थेंब वाया घालवला नव्हता आणि त्याचा तिला जरा जास्तच अभिमान होता. दिवाळीनंतर मोहाच्या बियांचं तेल गाळून आलं तेव्हा मुलगा मगन तळोद्याच्या भंगारवाल्याकडून प्लास्टिकचा मोठा कॅन घेऊन आला. कुठल्याशा यंत्राच्या तेलाचा तो कॅन. तळाशी बोटभर काहीतरी चिकट उरलेलं, वास ना रंग. मगनला ऊसतोडीला निघायची घाई होती. पाण्यानं धुऊन भरू म्हणाला. फुलीबाईनं त्याला कॅनला हात लावू दिला नाही. पाण्याचा अंश राहिला की तेल खवट होतं, एवढं तरी दोन लेकरांच्या बापाला कळावं. तिनं तांब्याभर तेल ओतून कॅन तीनदा खळखळून विसळला. ती विसळण तिनं कोंड्यात कालवली आणि आपल्या सात कोंबड्यांपुढे ठेवली. कोंबड्यांनी आणि पिल्लांनी परात टोकरून साफ केली.

मग कॅन भरला. नऊ दिवस तेल निवळू दिलं. तोवर मगन आणि सून गुजरातेत पोचले होते, धाकट्यालाही घेऊन गेले होते. घरात राहिल्या फुलीबाई आणि नात रविना. रविना पोलीस भरतीसाठी रोज सकाळी पळत होती. नंदुरबारला मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आलेली, म्हणून आजी तिच्या भाकरीवर नवं तेल सढळ हातानं ओतायची.

तिनं नवं तेल वाढायला घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी कोंबड्या झोकांड्या खायला लागल्या.

कोंबड्यांना लस टोचणारा लोटन आला आणि त्यानं कुंपणाबाहेरूनच निकाल दिला. "मानमोडी शे. सगळ्या पुरी टाक."

"माना तं सरळ शेतस," फुलीबाई म्हणाली. "पाय वाकी गयात. आनि पिल्लं कसं काय पळी ऱ्हायनात?"

"त्या बी मरतीन," असं म्हणून लोटननं मोटारसायकलला किक मारली.

फुलीबाईला राग आला, आणि राग आला की ती जीप पकडते. एक लुळी कोंबडी आणि एक टणटणीत पिल्लू टोपलीत घालून ती थेट तळोद्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली.

तिथली डॉक्टर रूथ नवापूरकडची, नुकतीच आलेली. तिनं दोघांना फरशीवर सोडलं. कोंबडी घोट्यांवर बसून राहिली, पिल्लू टेबलाखाली पळालं. रूथ कोंबडीपेक्षा त्या पिल्लाकडेच जास्त वेळ पाहत बसली.

"मावशी, दहा-बारा दिवसांपूर्वी यांनी वेगळं काय खाल्लं?"

फुलीबाईनं कॅनच्या विसळणीपासून ते पळणाऱ्या नातीच्या आणि स्वतःच्या भाकरीवरच्या तेलापर्यंत सगळं सांगितलं. रूथनं खुर्ची ओढून तिला बसवलं.

"ही मानमोडी नाही. फवारणीच्या औषधांच्या जातीतलं एक विष यंत्राच्या तेलात असू शकतं. आपल्या नसांमध्ये एक विकर असतं, एन्झाइम म्हणतात ते. नस धडधाकट ठेवायचं काम त्याचं. हे विष त्याला असं चिकटतं की पुन्हा सुटत नाही. त्या दिवशी काही कळत नाही. दहा-बारा दिवसांनी लांब नसा टोकाकडून झिजायला लागतात, म्हणून आधी पाय जातात. कोवळ्या पिल्लांना ते बाधत नाही. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

"मानूसले?"

"माणसालाही होतं. दोन-तीन आठवड्यांनी."

 पोलिसात जाणाऱ्या पोरीच्या पायांवर फुलीबाईनं स्वतःच्या हातानं विष ओतलं होतं.

"औषध?"

"नाही. पण ऐका. दहातले सात-आठ हिस्से विकर बंद पडलं तरच नस मरते. त्याहून कमी असेल तर शरीर नवं विकर बनवतं. तुम्ही कॅन तीनदा विसळलात ना? मग बरंचसं विष कोंबड्यांच्या पोटात गेलं असणार. आता ते तेल बंद. दोघींनी मोठ्या दवाखान्यात दाखवा. आणि रोज सकाळी चवडे उचलून टाचांवर चालून बघा. पाऊल लटकलं तर लगेच या."

घरी येऊन फुलीबाईनं नातीला काही लपवलं नाही.  रविनानं एवढंच विचारलं, "आनि तू बी खादं ना, आजी?"

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, पाय ठोकून पाहिले, आणि वाट बघा म्हणाले. दोघी रोज सकाळी अंगणात टाचांवर चालत. शेजारपाजारचे हसायचे. फुलीबाई त्यांना चांगल्या चार शिव्या द्यायची आणि पुन्हा चालायची. तेल पहिल्यांदा खाल्ल्यापासून सोळाव्या दिवशी रविना मध्येच थांबली. "पायले मुंग्या येई ऱ्हायन्यात." फुलीबाई तिच्या पायाशी बसली. तिनं पोरीचा बूट ओढून काढला. नव्या बुटाची नाडी पोरीनं इतकी करकचून बांधली होती की पायावर वळ उठला होता. नाडी सुटली आणि मुंग्याही गेल्या. फुलीबाई आधी रडली, मग तिनं रविनाच्या पाठीत एक धपाटा घातला.

विसाव्या दिवशी नंदुरबारच्या मैदानावर आठशे मीटरला बारा मुली उभ्या राहिल्या. फुलीबाई तारेच्या बाहेर होती. शिट्टी वाजली. पहिल्या फेरीत रविना पाचवी होती, वळणावर तिसरी. आजूबाजूचे लोक ओरडत होते.  फुलीबाईची नजर पावलांच्या एका जोडीवर खिळली होती. चवडा उचलला जात होता, टाच टेकत होती, पुन्हा चवडा. शेवटच्या शंभर मीटरला ती पावलं दुसरीला मागे टाकून गेली, मग पहिलीला. फीत ओलांडल्यावरही ती थांबेनात.

फुलीबाईनं पदरानं डोळे पुसले, शेजारच्या माणसाकडून नंबर लावून घेतला आणि फोन कानाला धरला.

"डॉक्टर, रविना पळनी. पहिली ऊनी."

 पलीकडून रूथनं विचारलं, "वेळ किती लागला, मावशी?"

"टाईम पोलीस पाही लेतीन," फुलीबाई म्हणाली. "मी पाय पाह्यात."