आर्डिथनं दिलेला निरोप

“टाका बारीक घाल, पोरी. इतका बारीक, की उद्या कुणी गोधडीवरून हात फिरवला तर त्याला दोरा लागू नये, नुसती ऊब लागावी.”

हा आवाज मी बारा वर्षांची असताना ऐकला. चर्चच्या तळघरात लाकडी चौकटीवर गोधडी ताणलेली, भोवती आम्ही सात मुली, आणि मधे आर्डिथ. चोवीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. सुई चालली की तिचे ओठही चालायचे:

एक टाका उन्हाचा, एक टाका वाऱ्याचा,
गोधडीच्या पोटामध्ये जीव माझ्या घराचा.

मी बोटात सुई टोचून घेतली की म्हणायची, “टोच, टोच. थेंबभर रक्त लागल्याशिवाय गोधडी आपली होत नाही.”

त्याला आता बारा वर्षं झाली. आर्डिथला जाऊन पाच. मी तिच्या घरात राहते, तिच्या ओट्यापाशी उभी राहते, आणि वेल्डन, जो तिचा नवरा होता, तो माझा नवरा आहे.

आवाज मात्र गेला नाही. पीठ मळताना खांद्यामागून येतो, पाणी जरा कमी. दूध उतू जायच्या आधी येतो, बघ, बघ. मी वळून बघत नाही. या घरात वळून बघायचं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

तळघरातल्या कोठीत गव्हाचे डबे आहेत, मिठाचे पुडे आहेत, आणि सगळ्यांत वरच्या फळीवर पीचच्या तेवीस बरण्या. झाकणांवर मेणाच्या पेन्सिलीनं वर्ष घातलेलं, आर्डिथच्या तिरक्या अक्षरात. तिच्या शेवटच्या उन्हाळ्याचं फळ. वेल्डन ते खात नाही आणि टाकूही देत नाही. माझ्या बरण्या खालच्या फळीवर. गरम बरणी निवताना झाकण आत ओढलं जातं आणि टक् असा आवाज होतो. म्हणजे हवा बंद झाली, फळ टिकलं. आमच्याकडे बायका तो आवाज मोजत बसतात, इतका गोड लागतो. पण जनील झाल्यापासून तो मला भर दुपारी वरच्या फळीवरून ऐकू येतो. पाच वर्षांपूर्वी बंद झालेल्या बरण्या. टक्. जरा थांबून, पुन्हा टक्.

जनील माझी लेक. सहा आठवड्यांची. दूध पिऊन झालं की ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यावरून, मागे, थोडं वर बघते. आणि हसते.

शुक्रवारी दुपारी तिची गोधडी पुरी करायला बायका जमल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे उपास असतो; जूनच्या त्या रविवारी तिला चर्चमध्ये नाव आणि आशीर्वाद मिळायचा होता. शेजारच्या सिस्टर आफ्टन (चर्चमध्ये आम्ही सगळ्याच एकमेकींना सिस्टर म्हणतो) सत्तरीच्या, पण सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नाही. त्या माझ्या सासूबाईंच्या शेजारी बसल्या होत्या.

“काय गं तामरा,” त्या म्हणाल्या, “वर गेल्यावर तुम्ही दोघी कसं करणार? नवरा एक, स्वयंपाकघर एक, बायका दोन. मी आत्ताच सांगून ठेवते, ओव्हन आर्डिथला दे. तिच्या हातचा पाव तुला अनंतकाळातसुद्धा जमायचा नाही.”

बायका खिदळल्या. सासूबाई म्हणाल्या, “वर भूक नसते, आफ्टन.”

“नसते? मग मी येत नाही. तुम्ही जा पुढे.”

मीही हसले. हसावंच लागतं. डोंगरावरच्या, आमच्या पंथाच्या दगडी मंदिरात वेल्डनची आणि आर्डिथची अनंतकाळाची गाठ बांधली गेली होती, आणि तिच्यानंतर त्याच खोलीत माझी आणि त्याची. मेलं म्हणून ती गाठ सुटत नाही. त्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींवर आरसे आहेत. गुडघे टेकून बसलं की आपण दोघं आरशात, आरशातल्या आरशात, दूरवर बारीक होत गेलेले दिसतो. सगळ्या नवऱ्या त्यात आपलं सुख बघतात. मी मात्र शेवटच्या, बोटभर उरलेल्या जोडीपर्यंत बघत गेले होते, तिथे कुणी तिसरं उभं आहे का ते शोधत.

“रूलननं आशीर्वादासाठी नवा टाय घेतलाय,” सासूबाई दोरा तोडत म्हणाल्या. रूलन म्हणजे वेल्डनचा धाकटा भाऊ.

सुया थांबल्या. आमच्याकडे लेकराला आशीर्वाद बाप देतो. पुरुष गोल करून उभे राहतात, प्रत्येकाचा एक हात लेकराखाली, एक हात शेजाऱ्याच्या खांद्यावर, आणि बोलतो बाप. बाप जिवंत असताना, धडधाकट असताना, काका बोलतो असं कुणी पाहिलं नव्हतं.

“वेल्डनचा घसा बसलाय का?” आफ्टननी विचारलं.

“बसलाय,” सासूबाई म्हणाल्या. “पाच वर्षांपासून.”

घसा का बसला, ते सगळ्यांना अर्धं ठाऊक होतं. आर्डिथचा आजार वाढला तेव्हा वेल्डननं तिच्या डोक्यावर तेल लावून, हात ठेवून आशीर्वाद दिला होता. अशा वेळी बोलणारा आपलं काही बोलत नाही. थांबतो, वरून जे शब्द येतील तेवढे बोलतो. वेल्डन बराच वेळ थांबला होता. मग म्हणाला, “तू बरी होशील. तुझ्या मांडीवर मूल खेळेल.” आर्डिथ त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली. त्यानंतर वेल्डननं कुणाच्याही डोक्यावर हात ठेवला नाही.

हे झालं गावाला ठाऊक असलेलं अर्धं. उरलेलं अर्धं माझ्यापाशी होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. दर मंगळवारी आर्डिथचे केस धुवायला जायची. केस कसले, पिसं उरली होती. एका मंगळवारी डोकं टॉवेलात गुंडाळून ती म्हणाली, “तुला एक निरोप देते. मी असताना द्यायचा नाही. मी सांगितलं तर तो रडेल, आणि मला ते बघवायचं नाही. मी गेल्यावर सांग.” मग म्हणाली, “त्याचे हात माझ्या डोक्यावर होते ना, तेव्हा खरे शब्द काय येतायत ते मलाही कळलं. मी जाणार होते. त्यानं ते गिळले आणि स्वतःच्या मनातलं बोलला. त्याला सांग, मला तेव्हाच कळलं होतं. मी फसले नाही. आणि मी रागावलेही नाही. देवाकडे मला कुणी एवढं कधीच मागितलं नव्हतं गं. तो म्हणतोय बरी होशील, तर बऱ्या होणाऱ्या बाईसारखं वागायला नको? म्हणून पीच भरत बसले.” ती हसली. “सांगशील ना?”

“सांगेन,” मी म्हणाले.

नऊ दिवसांनी ती गेली. दफनाच्या दिवशी सांगणं बरं दिसलं नसतं. हिवाळ्यात वेल्डन कुणाशी बोलत नव्हता. पुढच्या वसंतात तो आमच्या वडिलांचं कुंपण दुरुस्त करायला आला आणि पाणी पिताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. त्यानंतर तो निरोप माझ्या तोंडात दगडासारखा झाला. गिळता येईना, टाकता येईना.

शनिवारी सकाळी आमची पाण्याची पाळी होती. वेल्डन रबरी बूट घालून, फावडं घेऊन लसूणघासाच्या शेतात पाटाचं पाणी वळवत होता. मी जनीलला पोटाशी बांधून त्याची न्याहारी घेऊन गेले. दुपारनंतर उपास सुरू होणार होता.

“अजून वेळ आहे,” मी म्हणाले. “रूलनला सांगू, ‘तू गोलात उभा राहा, बोलेल वेल्डन.’”

“रूलन चांगला बोलतो.”

“रूलन तिचा काका आहे. शिवाय मागच्या वेळी त्यानं स्वतःच्या पोराचं नाव अर्धवट घेतलं आणि बिशपनं हळूच कानात सांगितलं. आख्खं चर्च हसलं.”

त्याच्या तोंडावर हसू आलं, पण टिकलं नाही. त्यानं पाटाच्या कडेला फावडं रोवलं.

“या हातांनी देवाच्या नावावर माझंच म्हणणं खपवलं, तामरा. आर्डिथ त्या भरवशावर राहिली. आईला पत्र लिहायचं होतं तिला, लिहिलं नाही, बरी झाल्यावर जाऊनच येते म्हणाली. तिला नीट जाऊही दिलं नाही मी. आता हेच हात या पोरीवर ठेवू? पुन्हा माझ्याच मनातलं बोललो तर?”

“काय बोलशील?”

“की ही जगेल. की हिला काही होणार नाही.” तो पाण्याकडे वळला. “मला दुसरं काही सुचतच नाही, तिच्याकडे बघितलं की.”

पाणी घासात शिरत होतं. निरोप माझ्या ओठांशी आला होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. जनीलनं पोटाशी चुळबुळ केली, माझ्या खांद्यामागे, घराकडे बघितलं, आणि हसली.

तुझ्या मांडीवर मूल खेळेल. हे मूल तिला कबूल केलेलं होतं. आणि ते झालं माझ्या मांडीवर.

“न्याहारी गार होतेय,” मी म्हणाले आणि घरी आले.

त्या दुपारी मी कोठीत उतरलेच नाही. तरी स्वयंपाकघराच्या फरशीखालून ऐकू येत राहिलं. टक्. टक्. कुणीतरी धीरानं मोजत असल्यासारखं. मी जनीलचा पांढरा झगा इस्त्री करत होते. झालर जळता जळता वाचली, कारण खांद्यामागून कुणी म्हणालं, बघ, बघ. तेव्हा मी पहिल्यांदा उत्तर दिलं. “तूच सांग ना त्याला,” मी म्हणाले. “एवढी घरभर फिरतेस तर तूच जाऊन सांग.”

घर गप्प झालं. आणि ती गप्प झालेली मला बोलण्यापेक्षा भारी गेली.

रविवारी पोट रिकामं, डोकं हलकं. चर्चमध्ये मागच्या बाजूला आयांची खोली असते. एक डुलती खुर्ची, भिंतीवर छोटा स्पीकर, म्हणजे दूध पाजतानाही प्रार्थना ऐकू यावी. मी तिथे जनीलला झगा चढवत होते. स्पीकरमधून बिशपचा आवाज आला, “आता ब्रदर वेल्डन यांच्या कन्येला...” बिशप क्षणभर अडखळला, “...तिचे काका आशीर्वाद देतील. त्याआधी एक गीत म्हणू.”

दार उघडून वेल्डन आत आला. रविवारचा सूट, मान खाली.

“दे तिला. रूलन थांबलाय.”

“दार लाव,” मी म्हणाले.

“तामरा, गीत सुरू झालंय.”

“पाच कडवी आहेत. दार लाव.”

त्यानं दार लावलं. मी डुलत्या खुर्चीत बसले, आणि खुर्ची हलू नये म्हणून पाय घट्ट रोवले.

“आर्डिथला माहीत होतं,” मी म्हणाले. “तू काय गिळलंस ते. तुझे हात डोक्यावर असतानाच तिला कळलं होतं. तिनं मला सांगितलं, मी तिचे केस धुवायला जायची तेव्हा. ‘मी गेल्यावर त्याला सांग’ म्हणाली. ती भरवशावर राहिली नव्हती, वेल्डन. ती फसली नव्हती. ती रागावलीही नव्हती. म्हणाली, देवाकडे मला एवढं कुणी कधी मागितलं नव्हतं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि का बसावा? बायको नवऱ्याला धीर देण्यासाठी काहीही रचेल.

“म्हणाली, वेल्डन खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज त्याच्या वडिलांसारखा होतो. ते चर्चच्या व्यासपीठावरून बोलायचे तसा. ‘बरी होशील’ म्हणताना तसाच झाला होता. तिला हसू आवरेना, म्हणून तिनं तेव्हा तुझ्यासमोर तोंड टॉवेलात खुपसलं.”

वेल्डननं भिंतीला हात टेकला. “मला वाटलं ती रडतेय,” तो म्हणाला. “मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. मला वाटलं, आनंदानं रडतेय, बरी होणार म्हणून.” मग त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्याचा की हुंदक्याचा ते मला सांगता येणार नाही. “वडिलांसारखा. हे तीच म्हणू शकते.”

बाहेर तिसरं कडवं सुरू झालं. त्यानं डोळे पुसले, टाय सरळ केला, आणि हात पुढे केले. मी जनीलला त्याच्या हातांत दिलं.

“रूलनला शेजारी उभं करतो,” तो म्हणाला. “काय शब्द येतील मला माहीत नाही. येतील ते.”

दारापाशी जाऊन तो थांबला. माझ्याकडे पाठ होती. त्यानं वळून बघितलं नाही.

“‘मी गेल्यावर सांग’ म्हणाली होती ना ती?”

“हो.”

“पाच वर्षं झाली. काल पाटावर मी तुझ्यासमोर उभा होतो. का नाही सांगितलंस?”

विसरले, असं म्हणता आलं असतं. तुला त्रास नको म्हणून, असंही म्हणता आलं असतं, आणि त्यानं ते मानलं असतं. चौथं कडवं संपत आलं होतं. मी मागून कुणी काही सुचवतंय का ते ऐकत राहिले. कुणी काही सुचवलं नाही.

“तिनं तुला माफ केलंय, हे तुला कळलं तर तू पूर्ण तिचा होशील असं वाटलं,” मी म्हणाले. “तिला फसवलं असं वाटून तू तिला घाबरून होतास, तेवढा तरी माझ्या वाट्याला येत होतास. म्हणून मी तुला तसंच ठेवलं.”