मंगरूचा धुरा

लटारूनं ही गोष्ट कागदावर आणायचीच नाही असं ठरवलं होतं. कारण सरळ होतं. मंगरूला वाचता येतं. त्यानं वाचली तर त्याला कळेल, की ज्याच्या शेजारी एका वाकळीत झोपलो तो पोरगा आतून कसा जळत होता. मग वाटलं, कळू दे. अर्धं तर त्याला आधीच ठाऊक आहे.

तर मंगरू.

मंगरूचा बाप, पोचू त्याचं नाव, लटारूच्या घरी सालदार, म्हणजे सालावरचा गडी होता. उन्हाळ्यात जंगलकटाईला गेला आणि सागाच्या बुंध्याखाली सापडून मेला. माय तर आधीच गेलेली. लटारूच्या बापानं, सोमाजीनं, पोराला बोट धरून घरी आणलं. लटारूची माय धुरपता म्हणाली, "एकाचे दोन झाले, बरं झालं." दोघं पोरं एका वयाची. म्हशीमागं संगं, आंब्यावर संगं, मार खायलाही संगं. तोवर काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते धुऱ्यावरून.

नागभीडकडं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि दोन बांध्यांच्या मधात मातीचा धुरा. त्या धुऱ्यावर तूर टोचतात. घरच्या वरणापुरती होते, त्याचं कोणाला कौतुक नसतं. पण एका आषाढात सोमाजीनं मंगरूला सगळ्यात लांब धुऱ्यावर उभं केलं.

"हा धुरा तुहा. टोचशीन तू, राखशीन तू, इकशीन तू. मी हात लावणार नाई."

"मंग पैसा, भाऊ?" मंगरू सोमाजीला भाऊच म्हणायचा.

"पैसाबी तुहाच. पण ध्यानात ठेव. पयले बी काढाचं, मंग पोष्टात टाकाचं, मंग जे उरन त्याचे गुलगुले खाय."

लटारू मागंच उभा होता. "बाबा, मले कोणता धुरा?"

सोमाजी खदखदून हसला. "येड्या, साऱ्या बांध्या तुह्याच हायेत नं! धुरा काय मांगतं?"

बांधीतल्या बायकाही हसल्या. चिखलात उभा असलेला लटारूही हसला, कारण सगळे हसत होते. पण त्या दिवसापासून त्याच्या पोटात काहीतरी पेटलं ते पेटलंच.

तूर झाली. मंगरू पोतं घेऊन नागभीडच्या बाजारात बसला. व्यापाऱ्यानं माप कोंबून कोंबून भरलं, मापाच्या वर ढिगाची शीग चढवली, तरी मंगरू तोंडाकडं पाहत बसला. सोमाजी समोरच्या चिंचेखाली तंबाखू मळत होता. लटारू उठायला लागला तसा त्यानं सदरा धरून खाली बसवला.

"चूप राय. ठगू दे त्याले."

"बाबा, तो लुटून राह्यला नं!"

"आज थोडक्यात लुटन. शिकला तं सस्त्यात शिकला."

घरी येताना त्यानं मंगरूला विचारलं, "कुठी गेली तुही तूर?"

"शिगंत गेली, भाऊ."

"मंग?"

"पुढच्या साली माप मी भरीन, तो पाहीन."

सोमाजीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप लटारूला आपल्या पाठीवर हवी होती. त्याला वाटलं, बापानं आपल्याला कधी ठगूनसुद्धा घेऊ दिलं नाही. बाजारात आपलं काम बैल धरायचं.

मग पोस्ट. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "पोरगा लहान आहे, पालक कोण?" सोमाजीनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर असा दाबून ठेवला, जसा काही देवाच्या पायावर ठेवला. लटारू दारात उभा राहून बघत होता. आपल्यासाठी बापानं कुठं अंगठा उठवला? आपल्यासाठी गरजच नव्हती. आपण तर पोरगाच.

असं सालामागून साल गेलं. मंगरूनं तुरीच्या पैशातून एक गोऱ्हा घेतला, मग दुसरा. त्यांना चारा घालताना तो लटारूलाही हाक मारायचा. लटारू जायचा. वाईट हे होतं, की मंगरू वाईट नव्हता.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. दंडारीचा खेळ होता, पाळणा होता, जिलेबीची कढई होती. लटारूनं बापाकडं चार आणे मागितले.

"कायले पायजे?"

"असंच."

"असंच म्हणजे काय? जिलेबी पायजे तं मी घेऊन देतो."

सोळा पार केलेला, मिशी फुटलेला पोरगा, आणि बाप जिलेबी घेऊन देणार! लटारू न खाताच घरी आला. मागून मंगरू आला, धुरपताबाईसाठी हिरव्या बांगड्या घेऊन. भांडी घासताना त्या वाजत राहिल्या. शेजारची रंभा काकणं पाहून म्हणाली, "कोण्या पोरानं आनले व?" धुरपताबाई म्हणाली, "माह्या मंगरूनं." खाटेवर पडलेल्या लटारूनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

अठरा पूर्ण झाले आणि पोस्टातला पैसा मंगरूच्या सहीनं निघाला. गोऱ्हे आता बैल झाले होते. जुनी बैलबंडी दुरुस्त झाली. अहेरीकडं जंगलातला एक ठेकेदार लाकूड ओढायला बंडीवाले घेत होता. होळी झाली की मंगरू जाणार, असं ठरलं.

लटारूला आनंद झाला. खरं सांगायचं तर फार झाला. धुरा मोकळा होणार होता. त्यानं जेवताना विषय काढला.

"बाबा, मंगरूचा धुरा आता मी टोचतो. इकाचं काम माहं, पैसाबी माह्याजवळ."

सोमाजी पुन्हा तसाच हसला. "सारं तं तुहंच हाय, बापा."

लटारूनं ताट ढकललं. वरण सारवलेल्या भुईवर गेलं.

"कवा हाय माहं? तुमी मेल्यावर? मंगरूचं आत्ताच हाय. मी काय तुमच्या मरणाची वाट पाहू?"

धुरपताबाईच्या हातातला पळा तसाच राहिला. सोमाजीचा घास तोंडाशी थांबला. त्यानं तो खाली ठेवला, हात धुतला आणि ओल्या हातानं मिशी पुसली.

"त्याच्यामागं कोणी नाई, म्हणून त्याले शिकवलो," तो शेवटी म्हणाला. "तुह्यामागं मी हाओ."

"आन तुमी नसान तवा?"

सोमाजी उठून बैलांना चारा टाकायला गेला.

सकाळी लटारू बांधीकडं निघून गेला. मंगरू तिथं आला. तुरीचे खुंट तसेच धुऱ्यावर उभे होते.

"घे धुरा," मंगरू म्हणाला.

"तुहं दान मले नोको."

"काऊन?"

"माह्या बापाचा धुरा, आन मी तुह्या हातून घेऊ? जळतो मी तुह्यावर. समजते का तुले?"

"समजते. कवाचं समजते." मंगरू खुंट उपटत बसला. "काल तू ताट ढकलला. इतक्या सालात मी एकदा तरी ढकललो का रे? आळणी राहो का जळकं राहो, 'चांगलं झालं, बाई' म्हणून खाल्लो. मीबी जळतो, लटारू."

हे लटारूला नवीन होतं. तोही खाली बसून खुंट उपटायला लागला. शेवटी तो म्हणाला, "फुकट नाई घेत. बटईनं दे. अर्धी तुही, अर्धी माही."

"बी माहं, मेहनत तुही."

"हाव."

दोघं घरी आले. सोमाजी ओसरीवर दोर वळत होता. मंगरूनं विचारलं, "भाऊ, धुरा अजून माहाच हाय नं?"

"हाय."

"मंग मी तो लटारूले बटईनं देल्लो."

सोमाजीनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. लटारूला वाटलं, आता हसणार. तो हसला नाही.

"मले काऊन इचारतं? तुहा धुरा, तुहा बटईदार." मग तो लटारूकडं वळला. "बाजारात माप कोन भरन?"

"मीच भरीन, बाबा."

"ठगला तं मी येनार नाई."

"नोका येऊ."

गावाला तर मेजवानीच झाली. पारावरचा झिंगू ओरडला, "पाहा रे, मालकाचा पोरगा सालदाराच्या पोराचा बटईदार!" लटारूचे कान लाल झाले. आणि जळणं काही विझलं नाही. मोठ्या मुश्किलीनं हातात काही आलं, तेही मंगरूमुळंच, हे टोचत राहिलं.

होळीनंतर बंडी निघाली. धुरपताबाई रडली, सोमाजी बैलांची मानपाठ चाचपत राहिला. गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत लटारू बंडीमागं चालत गेला. तिथं मंगरूनं कासरा ओढला.

"माहा वाटा पोष्टात टाकजो," तो म्हणाला.

"नाई," लटारू म्हणाला. "मी सोता घेऊन येतो अहेरीले. तुह्यासमोर मोजतो. रोग पडला, ढोरं शिरले, व्यापाऱ्यानं ठगवलं, तं रिकाम्या हातानं येतो आन काय झालं ते सांगतो. पण येतो, मंगरू. पुढच्या होळीच्या आंधी येतोच."