गोमुखीतली रेंज

जितेशच्या घराच्या मागच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढच्या खोलीतल्या राउटरचं वायफाय इथं कधी पोचायचं नाही, आणि आज मोबाइलवर भजनाचा व्हिडिओ धडाधड चालत होता! पार चौक गावापासून माणसं बघायला आली होती. माजघराच्या दारात पाटावर तरंगनाथ महाराज बसले होते. एक हात आशीर्वादाला मोकळा, दुसरा जपमाळ झाकायच्या गोमुखीत. ती तांबडी पिशवी त्यांनी आल्यापासून सोडली नव्हती. आल्या आल्या वायफायचा पासवर्ड मात्र मागून घेतला होता, मंत्रात गुंफायला म्हणे.

"आता सूनबाई, उंबऱ्यात या."

जितेशची बायको हर्षला आली. महाराजांनी डोळे फिरवले आणि व्हिडिओ थांबला. पडद्यावर नुसतं चाक गरगरायला लागलं.

"बघा! लहरीला कंप सुटतो, कंपात दोष शिरतो, आणि दोष हाय हिच्या टाचेत! अमावस्येपर्यंत माहेरी धाडा हिला."

तिला परसात पाठवलं. महाराजांनी लांबलचक स्तोत्र म्हटलं आणि व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. "मी म्हटलं नव्हतं? ही आल्यापासनंच," जितेशची आई, जिजाबाई, हात जोडून म्हणाली.

हर्षला याच खोलीत बसून नेटवरून एका दवाखान्याचे फोन घ्यायची. पुन्हा कॉल तुटला तर काम गेलं, असं तिला वरून बजावलं होतं. आता कामाबरोबर घरही सुटायची वेळ आली होती. तिची कपड्यांची पिशवी भिंतीशी भरून ठेवली होती.

जितेशला त्या पिशवीकडे बघवेना. नजर वळवली तर समोरच्या बोर्डावर त्याने हौसेने आणलेला, चार अँटेनांचा एक्स्टेंडर. खोपोलीच्या दुकानदाराने विचारलं होतं, "घर लांबट की दुमजली? मधे भिंती किती?" हा म्हणाला, "ते जाऊ दे, चार शिंगांचा द्या." तरी बिचाऱ्याने बजावलं होतं, "भाऊ, हा काय नेट बनवत नाय, आलेलं पुढं ढकलतो. मधल्या खोलीत लावा." पण माजघरातल्या प्लगला आईच्या देव्हाऱ्याची लाइटची माळ. ती काढ म्हणून आईला कोण सांगणार? त्याने लावला मागच्या खोलीत. मोबाइलवर दांड्या फुल, नेटचा पत्ता नाही. चूक त्याला लगेच कळली होती. पण एवढं मिरवून आणलेलं यंत्र! आई सुनेच्या पायगुणावर घसरली, तेव्हा हा खाली मान घालून जेवत राहिला.

हर्षला परसातून परत आली. ती थेट महाराजांसमोर उभी राहिली.

"महाराज, रेंज जाते तेव्हा चुटकीसरशी जाते. यायला मात्र अख्खं स्तोत्र लागतं. आमचा राउटर बंद करून चालू केला की त्यालाही एवढाच वेळ लागतो. जरा गोमुखीतला हात बाहेर काढा."

"जप मोडलास तर भस्म होशील!"

"बघू तरी म्हाराज," शेजारचे आबाजी पुढे सरकले. "भस्म व्हायला माझं वय झालंयच." आणि त्यांनी पिशवी ओढली.

आत एक मणी नव्हता. पॉवर बँक होती आणि तिला खोचलेला बोटाएवढा एक्स्टेंडर; पासवर्ड गुंफला होता तो यात. महाराजांचा अंगठा बटणावर. सून आली की बंद, सून गेली की चालू!

पण महाराज गडी तयारीचा. "आणि तुमचं ते चार शिंगांचं? ते का चालत नाय? बोला!"

झालं. सगळ्यांचे डोळे पुन्हा हर्षलावर. जिजाबाईही म्हणाली, "हां, ते का चालत नाय गं?"

हर्षलाला उत्तर ठाऊक नव्हतं. ज्याला होतं तो पुढं आला.

"माझ्यामुळं," जितेश म्हणाला. "चुकीच्या जागी लावलाय मी. या खोलीत नेट येतच नाय, तर तो पुढं ढकलणार काय? मला ठाऊक होतं, आई. लाज वाटली म्हणून बोललो नाय."

त्याने देव्हाऱ्याची माळ काढली आणि माजघरात एक्स्टेंडर लावला. जरा वेळाने मागच्या खोलीत भजन सुरू झालं. महाराज चपला शोधायला लागले, तर त्या आबाजींच्या हातात. "बसा, पोलीस पाटील येतायत."

आता सांगायचं ते एवढंच. घरातलं काही बिघडलं तर भिंत बघा, वायर बघा, प्लग बघा. माणसाच्या पावलाने नेट जात नाही. जो देव पासवर्ड मागतो त्याला उलट चार प्रश्न विचारा. आणि खरं कारण तुम्हाला ठाऊक असेल तर वेळेत तोंड उघडा, कारण बाबाचं अर्धं काम गप्प बसणाराच करून ठेवतो.

माणसं पांगली. हर्षलाने कानाला हेडफोन लावला. जितेशने भिंतीपासची पिशवी उचलली आणि तिचे कपडे कपाटात ठेवायला निघाला.

"राहू द्या ती तिथंच," ती म्हणाली. "कधी रिकामी करायची ते मी ठरवीन."