टोपीखालचा ब्लू

टक.

शनिवार दुपारच्या शांततेत मिनलच्या टेबलाखालून एवढाच आवाज आला. पंखा भिरभिरत थांबला, स्क्रीन काळी झाली. कॉम्प्युटर आज तिसऱ्यांदा आपणहून बंद पडला होता. चटईवर भिंतीला पाय लावून झोपलेली साडेचार वर्षांची मैत्री कूस बदलून पुन्हा झोपली.

एप्रिल महिना, कासारवाडीतली वरच्या मजल्यावरची खोली आणि डोक्यावर पत्रा. माणसं तापत होती, तिथे यंत्राचं काय.

मिनल घरी बसून साचे तपासायची. प्लास्टिकच्या भागाचा साचा पोलादात कोरण्याआधी कॉम्प्युटरवर भरून बघायचा, वितळलेलं प्लास्टिक कुठे पोहोचतं, कुठे अडतं ते शोधायचं. हे काम ती मैत्रीच्या झोपेच्या तासांत शिकली होती. त्याआधी चाकणच्या एका कंपनीत ती तपासणीच्या टेबलावर होती. घरी तान्ही मैत्री, गेटवर सुटायला आलेली बस. एकदा तर शेवटचा ट्रे न बघताच तिने त्यावर ओकेचा शिक्का मारला होता आणि धावत सुटली होती. पुढे काही झालं नाही. पण तो ट्रे अजून मधूनच आठवायचा, आणि सुटणाऱ्या बसची ती गोष्ट मैत्रीनेही तिच्याकडून कितीदा ऐकली होती.

आताचं काम चार तास चालणारं होतं आणि कॉम्प्युटर चाळीस मिनिटांत मान टाकत होता. काम देणारे ज्ञानेश सर फोनवर चांगल्या शब्दांतच म्हणाले होते, "सोमवारी सकाळी नाही जमलं तर मोकळेपणानं सांगा, मॅडम. ऑफिसात मशीन आहे. मग जूनपासून इथे येऊनच करत जा." येऊनच, म्हणजे पुन्हा सकाळी सहाची बस आणि मैत्री पाळणाघरात.

तिने पंखा साफ केला होता, प्रोसेसरची उष्णता वर कूलरकडे नेणारी पेस्ट दोनदा बदलली होती, मोठा कूलरही बसवला होता. तरी आकडा शंभर अंशांना भिडायचा. गंमत म्हणजे तेव्हा वरचा कूलर हाताला जेमतेम कोमट लागायचा. म्हणजे उष्णता मधेच अडत होती. आणि मधे एकच गोष्ट होती, चिपवर कंपनीने चिकटवलेली धातूची चपटी टोपी.

प्रोसेसर काढून तळहातावर घेऊन ती गॅलरीत गेली. तिचे सासरे, धोंडीबा आप्पा, कुणाच्या तरी कुलपात तेल सोडत बसले होते. तीस वर्षं साचे घडवणाऱ्या टूलरूममध्ये फिटर. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली होती, गॅलरीतल्या फळीवर ठोकलेला पोलादी जबड्यांचा व्हाइस.

"आप्पा, व्हाइस लागेल."

"काय धरायचंय?"

"ही टोपी काढायचीय."

आप्पांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "कंपनीनं बसवलेली? वॉरंटी जाईल की."

"ती जाऊन तीन वर्षं झाली."

"अन् हे फुटलं तर?"

"तर सहाची बस."

आप्पांनी हातातलं कुलूप खाली ठेवलं. उठले, जबडे फडक्याने पुसले आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे तुकडे लावले. मिनलने प्रोसेसर धरला. एका जबड्याला टोपीची कड, दुसऱ्याला चिपखालच्या हिरव्या पट्टीची. दाबून फोडायचं नव्हतं, टोपी फक्त बाजूला सरकवायची होती.

"आण हिकडं, मी फिरवतो."

"नको आप्पा. फुटलंच तर माझ्या हातून फुटू दे."

"बरं. मग पाव पाव आटा फिरव. अन् कान ठेव."

पाव आटा. काही नाही. अजून पाव. तिचा तळवा दांड्यावर घसरायला लागला. तिसऱ्या वेळी 'कट्ट' झालं आणि मिनलने डोळेच मिटून घेतले.

"उघड डोळं. सुटली," आप्पा म्हणाले.

टोपी चार केसांएवढी सरकली होती. उचलली तर खाली आरशासारखी काळी चिप, अख्खी, एक टवका न उडालेली. तिच्यावरची आतली पेस्ट मात्र वाळून भिंतीच्या पोपड्यांसारखी झाली होती. मिनलने स्पिरिटने ती पुसली. आता हिच्या जागी मागवून ठेवलेला पाऱ्यासारखा पातळ धातू भरायचा, तिने सांगितलं.

आप्पा टोपी उलटी करून बघत होते. कडेने काळा गोंद होता, चांगला जाड.

"पेस्टचं न्हाई हे. टोपी बसतच न्हाई खाली," ते म्हणाले. "थांब, ब्लू मारून बघू."

मिनल हसली. टूलरूमच्या त्या निळ्या रंगाची ट्यूब आप्पांनी अजून जपून ठेवली होती. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात का, ते बघायची फिटरची जुनी रीत. एकाला निळा रंग फासायचा, दुसरा त्यावर ठेवायचा, आणि रंग उमटला तरच टेकलं म्हणायचं.

"आप्पा, हा काय साचा आहे?"

"दोन तोंडं एकमेकाला भिडवायची हायत नव्हं? मग साचाच की."

त्यांनी टोपीला आतून नखाइतका ब्लू फासला. तिने टोपी अलगद चिपवर ठेवली आणि सरळ उचलली. चिप काळी ती काळीच, एक ठिपका नाही. गोंदाच्या जाडीवर टोपी नुसती अधांतरी बसत होती, आणि मधली फट पेस्टने बुजवलेली होती.

मग मिनलने जुनं प्लास्टिकचं कार्ड घेतलं आणि दोन्हीकडचा गोंद कणाकणाने खरवडून काढला. पाऊण तास लागला. पुन्हा ब्लू, पुन्हा टोपी. या वेळी उचलली तर चिपभर निळा चौकोन, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

आप्पांनी चष्मा सारखा करून तो चौकोन बघितला. "आमच्या टूलरूमात ह्याला फुल मॅचिंग म्हणत," ते म्हणाले. "पोरांना सहा-सहा महिनं जमायचं न्हाई."

ते एवढंच म्हणाले. पण मिनलच्या कानशिलापर्यंत ऊब चढली. लग्नानंतर सहा वर्षांत त्यांनी तिच्या भाजीचं कौतुक केलं होतं, अक्षराचं केलं होतं. हाताचं आज पहिल्यांदा.

ब्लू पुसून तिने चिपशेजारच्या मोहरीएवढ्या भागांवर नेलपॉलिश लावायला घेतलं, कारण आता भरायचा पातळ धातू त्यांना लागला तर शॉर्ट झालं असतं. तेवढ्यात मैत्री डोळे चोळत उठून आली.

"आई, त्याला पण लग्नाला जायचंय?"

"हो, नटवतेय त्याला."

नेलपॉलिश वाळल्यावर तिने पाऱ्यासारख्या त्या धातूचा एक थेंब चिपवर टेकवला आणि कापसाच्या काडीने दमाने पसरला. गोंदाचे फक्त चार बारीक ठिपके. टोपी बसली, सॉकेटचा खटका लागला, कूलर चढला.

तीन वाजता काम सुरू झालं. आकडा साठ, अडुसष्ट, बहात्तर. तिथेच थांबला. चाळीस मिनिटं गेली, तास गेला. मिनलने कूलरला हात लावला. आता तो चांगला गरम लागत होता. उष्णतेला वाट सापडली होती.

सात वाजता साचा पूर्ण भरला आणि निकाल ज्ञानेश सरांकडे गेला. 'सोमवार कशाला म्हणालो होतो मी?' असं त्यांचं उत्तर आलं. मिनलने ते दोनदा वाचलं.

जिन्यात आप्पांचा आवाज घुमत होता. शेजारच्या केसरबाईंना ते सांगत होते, "आमच्या सूनबाईनं कॉम्प्युटरची टोपी काढली. आजवर टोपी घालणारी लई बघितली, काढणारी हीच."

"तुमचा व्हाइस होता म्हणून, भाऊजी."

"व्हाइस काय, फळीवर पडूनच हाय. हात तिचा."

मैत्री आईच्या मांडीवर चढली. टेबलावर काळ्या गोंदाचा भुगा एका कागदावर गोळा केलेला होता. तिने त्यात बोट फिरवलं.

"हे खूप लावलं होतं म्हणून ते तापायचं?"

"हो."

"कुणी लावलं होतं?"

"लांबच्या देशातल्या कंपनीत कुणीतरी."

मैत्रीने काळं झालेलं बोट बघितलं, मग आईकडे बघितलं.

"मग त्यांनी नीट बघून का नाही लावलं? त्यांची पण बस सुटत होती का?"